सीटखाली काय आहे ते बघा

ओहायोत मे महिन्यात गवत किती झपाट्यानं वाढतं हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. एप्रिलच्या पावसानंतर ऊन पडायला लागलं की केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय या थंड हवेत रमणाऱ्या गवतांना ऊत येतो. शनिवारी कापलेलं गवत पुढच्या गुरुवारी पुन्हा बुटांवर यायला लागतं. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये, नाहीतर मुळं दुबळी होतात, असा इथल्या विद्यापीठांच्या कृषी विस्तार विभागांचा नेहमीचा सल्ला. म्हणजे तीन इंचांचं गवत राखायचं असेल तर ते साडेचार इंचांवर जायच्या आत यंत्र बाहेर काढावंच लागतं. काढलं नाही तर शेजाऱ्यांच्या नजरा सोसायच्या, आणि अनेक गावांत गवत आठ-दहा इंच झालं की नोटीसही येते.

आता हिशेब करू. एक एकर म्हणजे आपले ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. ढकलत न्यायच्या २१ इंची यंत्रानं कापताना प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, त्यामुळे हाती दीड फूट रुंदी लागते. एवढ्या जागेसाठी २९ हजार फूट, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर चाल पडते. तीही दर आठवड्याला, एप्रिलपासून ऑक्टोबर संपेपर्यंत. ४२ इंच रुंद कापणाऱ्या ट्रॅक्टरवर बसलं तर तेच काम तासाभरात उरकतं.

अमेरिकेत गवताखाली किती जमीन आहे, याचा उपग्रहचित्रांवरून केलेला एक अंदाज २००५ साली प्रसिद्ध झाला. नासाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. आकडा निघाला सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी जास्तच जमीन, आणि तिच्यावर धान्याचा एक दाणा पिकत नाही. एवढं गवत राखावं का, हा वाद इथं जोरात आहे आणि तो मला योग्य वाटतो. आमच्या परसाचा मागचा भाग आम्ही रानफुलांना सोडून दिला आहे. पण घर घेतलं, त्याबरोबर एकरभर हिरवळ आली आणि ती या उन्हाळ्यात कापायचीच आहे, अशा माणसाला आज यंत्र लागतं. हा लेख त्याच्यासाठी, तिच्यासाठी.

कारण दर वसंतात फोन येतात. क्लीव्हलंड, कोलंबस, सिनसिनाटीच्या कडेला गेल्या काही वर्षांत बरीच मराठी कुटुंबं टाउनहाउस सोडून मोठ्या प्लॉटवर राहायला गेली. पुण्यात किंवा डोंबिवलीत गॅलरीतल्या चार कुंड्यांना पाणी घालणारी ही मंडळी एकदम एक-दीड एकराची मालक झाली. आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, हिरवा घेऊ की पिवळा?" हिरवा म्हणजे जॉन डिअर, पिवळा म्हणजे कब कॅडेट. नारिंगीत हस्कवार्ना आणि कुबोटा येतात, लाल रंगात टोरो, क्राफ्ट्समन, ट्रॉय-बिल्ट आणि आणखी काही.

माझं उत्तरही आता ठरलेलं आहे. रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी तुमची जमीन बघा, मग सीटखाली कुठला गिअरबॉक्स आहे ते बघा, त्यानंतर डेक, त्यानंतर इंजिन. आणि गाडीनं अर्ध्या तासाच्या आत हे यंत्र उघडून दुरुस्त करणारा माणूस कोण आहे, याची चौकशी पैसे देण्याआधी करा.

हे मी शिकलो ते आमच्या काउंटीतल्या एका छोट्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये. तिथला मेकॅनिक साठी ओलांडलेला, आयुष्यभर हेच काम केलेला. बोलायला मोकळा, पण हातातलं काम न थांबवता बोलणारा. हिवाळ्यात त्याच्याकडे गर्दी कमी असते तेव्हा मी जाऊन बसतो. एकदा त्याच्या बाकावर एक हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स दोन भागांत उघडून ठेवलेला होता. आजकालच्या बहुतेक घरगुती ट्रॅक्टरांत गिअर बदलावे लागत नाहीत. पायाखालचं पेडल दाबलं की यंत्र पुढं जातं, दुसरं दाबलं की मागं. हे काम तेल करतं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा छोटा पंप दाबानं तेल सोडतो, ते तेल एका छोट्या मोटरला फिरवतं आणि ती मोटर मागची चाकं. पेडल दाबतो तेव्हा आपण पंपातली एक तिरकी तबकडी कमी-जास्त कलती करत असतो, त्यावर दट्ट्यांची हालचाल ठरते, आणि त्यावर वेग.

मेकॅनिकनं आतलं लोहचुंबक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर करड्या रंगाची मऊ लव जमली होती. ते होतं झिजलेलं लोखंड. तेल काळं पडलेलं आणि पाण्यासारखं पातळ. मग त्यानं गिअरबॉक्सच्या डोक्यावरचा प्लास्टिकचा पंखा दाखवला. पात्यांमध्ये वाळलेलं गवत इतकं घट्ट बसलं होतं की ते स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढावं लागलं. हवा खेळली नाही, तेल तापलं, तापून पातळ झालं, पातळ तेलाला दाब धरता येईना आणि मग धातूला धातू घासायला लागला. "थंड असताना तक्रार नसते," तो म्हणाला. "अर्ध्या तासानं चढावर थांबतं. मालकाला वाटतं इंजिन कमजोर आहे."

माझ्या एका मित्राचं नेमकं हेच झालं. घर टेकडीच्या अंगावर, मागं लांब उतार. मोठ्या दुकानातून बऱ्यापैकी स्वस्तात ट्रॅक्टर आणला. पहिल्या वर्षी गवत कापलं. मग हुरूप आला आणि त्यानं मागं पाण्यानं भरलेला रोलर जोडला, मातीला भोकं पाडणारा एअरेटर जोडला, झाडांच्या बुंध्याशी घालायला लाकडाच्या भुश्श्याच्या गाड्या भरभरून वर नेल्या. काही हंगामांतच यंत्र चढावर थांबायला लागलं. नव्या गिअरबॉक्सची किंमत विचारली तर ती नव्या ट्रॅक्टरच्या निम्म्याच्या आसपास. त्यानं चिडून कंपनीला नावं ठेवली. मला मात्र वाटतं की त्या यंत्राकडून त्यानं जे करून घेतलं त्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं, आणि हे विकताना कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

बाजारात 'ट्रॅक्टर' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात, घोटाळा तिथंच होतो. लॉन ट्रॅक्टर हा गवत कापायला आणि फार तर एखादी हलकी गाडी ओढायला बनवलेला असतो. गार्डन ट्रॅक्टर हा मातीत अवजार घालायला, नांगर-कुळव ओढायला, हिवाळ्यात बर्फ ढकलायला बनवलेला असतो. दिसायला दोन्ही सारखे, बॉनेट सारखं, स्टिअरिंग सारखं. फरक सीटखाली.

टेनेसीतल्या मॉरिसटाउनची टफ टॉर्क ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनी. तिचा के४६ हा गिअरबॉक्स कितीतरी वेगवेगळ्या रंगांच्या लॉन ट्रॅक्टरांत सापडतो. सपाट जमिनीवर, फक्त गवत कापायला तो चांगला आहे; पंख्याची जागा साफ ठेवली तर वर्षानुवर्षं चालतो. पण तेल काढायला त्याला खाली बूच नाही. तेल बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स ट्रॅक्टरखालून उतरवावा लागतो, म्हणून ते कुणी बदलत नाही. त्याच कंपनीचे के६६, के७२, के९२ हे वरचे नमुने जड कामासाठी असतात. इलिनॉयमधल्या सलिव्हनची हायड्रो-गिअर ही दुसरी मोठी कंपनी. तिच्याकडेही हलके आणि भारी असे दोन्ही प्रकार आहेत.

विक्रेत्याला गिअरबॉक्सचा नंबर विचारला तर बऱ्याचदा त्याला तो सांगता येत नाही. मग मागच्या चाकाकडे बघायचं. लॉन ट्रॅक्टरचं मागचं चाक साधारण २० इंच उंच असतं आणि आसावर नुसतं सरकवून टोकाला एका चकतीनं अडवलेलं असतं. गार्डन ट्रॅक्टरचं चाक २३ इंच किंवा त्याहून मोठं असतं आणि हबला मोटारीसारख्या बोल्टांनी आवळलेलं असतं. दुकानात उभ्या उभ्या, एक अक्षर न विचारता, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

हे दोन प्रकार असे एकमेकांत का मिसळले, हे इतिहास पाहिला की समजतं. गवत कापायचं यंत्र मूळ इंग्लंडचं. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगनं १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. त्या भागात लोकरीच्या गिरण्या होत्या, आणि कापडावरची लव सारखी कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. बसून चालवायचं यंत्र घरोघरी पोचलं ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, उपनगरं वाढली तेव्हा. इंडियानातल्या साउथ बेंडला पॉन्ड कुटुंबानं १९४६ मध्ये व्हील हॉर्सची सुरुवात केली. शेतीचे ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६१ च्या सुमाराला कब कॅडेट काढला, आपल्याच छोट्या शेती-ट्रॅक्टरच्या घडणीवरून. जॉन डिअरचा ११० नंबरचा ट्रॅक्टर विस्कॉन्सिनमधल्या हॉरिकॉनच्या कारखान्यातून १९६३ मध्ये बाहेर पडला. कोहलर कंपनीचं सात अश्वशक्तीचं इंजिन, लोखंडी अंगलट, जाड पत्रा. ही यंत्रं शेतकऱ्यांना विकणाऱ्या दुकानांतून विकली जात, म्हणून ती शेतकऱ्याच्या अपेक्षेनंच बांधलेली होती.

अशाच एका ट्रॅक्टरची गोष्ट अमेरिकेत घरोघरी माहीत आहे. १९९४ साली आयोवातल्या लॉरेन्स गावचे ७३ वर्षांचे आल्विन स्ट्रेट आजारी भावाला भेटायला विस्कॉन्सिनला निघाले. नजर अधू झाल्यामुळे त्यांच्याकडे मोटारीचा परवाना नव्हता, म्हणून ते गवत कापायच्या १९६६ सालच्या जॉन डिअरवर बसले आणि मागं ट्रेलर जोडला. तासाला पाच मैल या वेगानं सुमारे २४० मैल. वाटेत यंत्र बंद पडलं, गावातल्या लोकांनी दुरुस्त केलं, ते पुन्हा निघाले आणि पोचायला त्यांना सहा आठवडे लागले. डेव्हिड लिंचनं १९९९ मध्ये यावर चित्रपट काढला. त्या चित्रपटातला म्हातारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मेकॅनिकला कौतुक याचं की तीस वर्षांचं जुनं यंत्र रस्त्याकडेला उघडून पुन्हा चालू करता आलं.

पुढं बांधकामाचं सामान विकणारी अवाढव्य दुकानं आली आणि किमतीची चढाओढ सुरू झाली. यंत्रं हलकी झाली, पत्रा पातळ झाला. जॉर्जियातल्या स्नॅपर कंपनीचे प्रमुख जिम वीअर यांची त्या काळातली हकिकत प्रसिद्ध आहे. वॉलमार्टला माल देणं थांबवतो, असं सांगायला ते स्वतः वॉलमार्टच्या मुख्यालयात गेले होते. आपलं यंत्र महाग का आहे हे समजावणारा आणि विकल्यावर दुरुस्त करणारा डीलर हाच आपला पाया आहे, तो किमतीच्या स्पर्धेत मोडेल, असं त्यांचं म्हणणं. २००४ मध्ये इंजिन बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटननं ती कंपनी तिच्या भावंड कंपनीसह विकत घेतली. पण वीअर यांचा मुद्दा मला आजही खरा वाटतो.

मालकीची ही उलथापालथ माहीत असली की रंगाचा मोह आपोआप उतरतो. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरोकडे गेली. कब कॅडेट १९८१ मध्ये एमटीडीकडे गेली; ही कंपनी आमच्याच ओहायोतल्या व्हॅली सिटीची. ट्रॉय-बिल्टही तिनंच घेतली. क्राफ्ट्समन हे मूळ सिअर्स दुकानाचं नाव, यंत्रं मात्र नेहमी दुसऱ्याच कारखान्यांत बनायची. २०१७ मध्ये ते नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरनं घेतलं आणि २०२१ मध्ये त्यांनी अख्खी एमटीडीच घेतली. म्हणजे कब कॅडेटचा पिवळा घेऊ की क्राफ्ट्समनचा लाल या चर्चेत रात्र घालवणाऱ्या नवरा-बायकोंचे दोन्ही ट्रॅक्टर एकाच मालकाचे निघतात. आणि हिरव्या रंगातही दोन थर आहेत. मोठ्या दुकानात मिळणारी एस१०० मालिका दोन-तीन हजार डॉलरच्या घरात सुरू होते. डीलरकडे मिळणाऱ्या एक्स५०० आणि एक्स७०० या मालिका तिच्या कित्येक पट महाग आणि सांगाड्यापासून वेगळ्या. बॉनेटवरचं हरीण तेवढं सारखं.

डेककडे वळू. डेक म्हणजे ज्या पत्र्याच्या खोलगट झाकणाखाली पाती फिरतात तो भाग. त्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १२ गेज म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर, १० गेज म्हणजे ३.४. साच्यात दाबून काढलेला डेक हलका आणि स्वस्त. पत्रे कापून, वेल्डिंग करून बनवलेला डेक भारी. डेकपेक्षाही आधी जीव जातो तो स्पिंडलचा, म्हणजे पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याचा. झाडाच्या वर आलेल्या मुळावर पातं आदळलं की ॲल्युमिनियमचं घर तडकतं. म्हणून हातानं पातं हलवून बघायचं, ग्रीस भरायला तोंड आहे का तेही बघायचं. डेक धुवायला नळी लावायची सोय आता बहुतेक यंत्रांवर असते; माझा मेकॅनिक तिच्या विरोधात आहे. त्याच्या मते ते पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि ओलं गवत पत्र्याला जास्तच चिकटतं. डेक उतरवा, कोरडं खरवडा, असं तो सांगतो, आणि मीही तेच करतो.

इंजिनाच्या अश्वशक्तीवर लोक फार भुलतात. ४२ इंची डेकला १७-१८ अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं इंजिन पुरतं. या आकड्यांवर एकेकाळी मोठा खटला झाला होता. स्टिकरवरची अश्वशक्ती प्रत्यक्षापेक्षा फुगवलेली आहे, असा आरोप ग्राहकांनी केला आणि २०१० मध्ये मिल्वॉकीच्या फेडरल न्यायालयात त्यावर साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली. तेव्हापासून अनेक इंजिनांवर सीसीचा आकडाच ठळक लिहिलेला दिसतो. मी बघतो ते वेगळंच: तेलाचा फिल्टर आहे का, तेल पंपानं दाबून फिरवलं जातं की नुसतं उडवलं जातं, आणि हवेचा फिल्टर काढायला सोपा आहे का. ब्रिग्ज, कोहलर, कावासाकी या तिघांनीही हलकी आणि भारी अशी दोन्ही प्रकारची इंजिनं बनवली आहेत, त्यामुळे नुसतं नाव पुरेसं नाही. दोन सिलिंडरचं इंजिन कमी थरथरतं, हाताला त्रास कमी होतो. तासाभराच्या कामात तो फरक जाणवतो.

आणि इंधन. इथल्या पंपांवरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि हिवाळाभर टाकीत पडून राहिलं की कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात. एप्रिलमध्ये वर्कशॉपबाहेर लागणाऱ्या रांगेत निम्मी यंत्रं याच दुखण्याची असतात, असं मेकॅनिक म्हणतो. पंधरा टक्क्यांचं पेट्रोल पंपावर स्वस्त दिसतं, पण ते गवत कापायच्या यंत्रात घालायला मनाई आहे. नोव्हेंबरमध्ये टाकीत स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवायचं, बॅटरी काढून आत ठेवायची. वसंतात पहिल्यांदा चालू करण्याआधी इंजिनावरचं झाकण उघडून बघायचं. थंडीत उंदीर तिथं घरटं करतात, थंड करणाऱ्या पाकळ्यांमध्ये कापूस-गवत कोंबतात, आणि न बघता चालू केलेलं इंजिन तापून जातं.

जमिनीचा उतार मोजल्याशिवाय कुठलंही यंत्र घेऊ नये. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. एक सरळ फळी उतारावर ठेवून त्यावर फोन ठेवायचा. १५ अंश, म्हणजे पावणेचार फुटांमागे एक फूट चढ, ही बसून चालवायच्या यंत्रांची साधारण मर्यादा मानतात. त्यापेक्षा उभा उतार असेल तर तिथं ढकलत न्यायचं यंत्र वापरा किंवा झुडपं लावून टाका. बसायच्या यंत्रानं उतारावर खाली-वर जायचं, आडवं जायचं नाही. आता सगळीकडे झिरो-टर्न यंत्रांची चलती आहे: दोन दांडे हातात, जागच्या जागी वळतात, झाडांभोवती सुरेख कापतात. सपाट जागेसाठी मलाही ती आवडतात. पण त्यांच्या पुढच्या चाकांना स्वतःची दिशा नसते. ओल्या उतारावर मागची चाकं सुटली की सुकाणूच हातातून जातं. तळ्याच्या किंवा नाल्याच्या काठाला मी ती कुणालाही घेऊ देणार नाही.

मुलांबद्दल एक गोष्ट ठामपणे. नातवंडाला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवणारे आजोबा फोटोत गोड दिसतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सचा सल्ला असा की १६ वर्षांखालच्यानं बसायचं यंत्र चालवू नये आणि यंत्रावर दुसऱ्या कुणालाही बसवू नये. मागं घेताना पाती बंद पडण्याची सोय यंत्रात असते, ती चुकवायचं बटणही असतं. ते बटण वापरायची सवय लावून घेऊ नका. यंत्र बाहेर असेल तेव्हा लहान मुलं घरात.

बॅटरीवरच्या यंत्रांबद्दल मला हल्ली सगळ्यात जास्त विचारतात. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासूनच्या नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांची विक्री तिथं टप्प्याटप्प्यानं बंद होते आहे. ईगो, रायोबी यांची बसून चालवायची यंत्रं ओहायोतल्या दुकानांतही दिसतात. एकरभर सपाट जमीन असेल आणि दुसरं काही ओढायचं नसेल तर आज मी तेच घेईन. कार्ब्युरेटर नाही, पट्टे कमी, आवाज कमी, आणि चाकांमागं तापणाऱ्या तेलाचा पंप नाही. बॅटरी काही वर्षांनी बदलायला किती पडेल हे मात्र लेखी विचारून घ्यावं.

जमीन तीन-पाच एकर असेल, पुढं बादली हवी असेल, तर गार्डन ट्रॅक्टरच्याही पुढं छोटा डिझेल ट्रॅक्टर येतो, आणि इथं आपली माणसं भेटतात. महिंद्राची अमेरिकेतली कंपनी १९९४ पासून टेक्सासमधून ट्रॅक्टर विकते. तिच्या टोप्या घातलेले शेतकरी इथल्या काउंटी फेअरमध्ये दिसतात. उलट बाजूनं, जॉन डिअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे आणि तिथले ट्रॅक्टर परदेशीही जातात. आमच्या मराठी मंडळातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी पुण्यात असताना अशाच ट्रॅक्टरांच्या भागांवर काम केलं होतं. हायड्रॉलिक तेल कधी बदलायचं यावर त्यांचं बोलणं मी मेकॅनिकच्या बोलण्याइतकंच मानतो.

आणि जुनं यंत्र? पैसे बेताचे आणि जमीन उताराची असेल तर नव्या लॉन ट्रॅक्टरपेक्षा दहा-पंधरा वर्षांचा, नीट राखलेला गार्डन ट्रॅक्टर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षी एका तरुण जोडप्याबरोबर मी असा एक बघायला गेलो. एका निवृत्त शिक्षकाचा, कोठाराच्या आडोशाला ठेवलेला. आधी इंजिनाला हात लावून बघितलं: थंडगार. आपण येण्याआधी मालकानं तापवून ठेवलेलं नाही, एवढं त्यावरून कळलं. मागचं चाक २३ इंची, बोल्टांचं. डेकचा पत्रा खालून टोचून बघितला, वाजला, भोक पडलं नाही. आसाच्या टोकाशी तेलाचा ओघळ नव्हता. पुढचं चाक धरून हलवलं तर थोडी ढिलाई होती. तो बुशिंगचा खर्च. मॉडेलचा नंबर आम्ही आदल्या दिवशीच डीलरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर विचारून आलो होतो. पट्टे, पाती, फिल्टर सगळं मिळत होतं.

नवऱ्याला तेवढ्यावरच घ्यायचा होता. ती मात्र म्हणाली, "काका, अर्धा तास तापल्यावर चढावर चालवून बघितल्याशिवाय मी पैसे देणार नाही." मालकालाही ते पटलं. तिनं स्वतः त्याच्या मागच्या शेतात अर्धा तास गवत कापलं आणि मग कोठारामागचा चढ पाती चालू ठेवूनच चढून दाखवला. कुठं अडलं नाही.

बावीसशे डॉलरला सौदा झाला. शिक्षकानं त्यात दोन जादा पाती, बर्फ ढकलायचा फाळ आणि तेल कधी बदललं त्याची वही दिली. पहिल्या आठवड्यात त्यांनी तेल, दोन्ही फिल्टर, पट्टा आणि ते बुशिंग बदलून घेतलं, गिअरबॉक्सचंही तेल बदललं. याला खाली बूच होतं. एक गोष्ट तेवढी आम्ही आधी ठरवली नव्हती: साडेतीनशे किलोचं यंत्र घरी कसं न्यायचं. तुम्ही जाल तेव्हा रॅम्पवाला ट्रेलर आणि चार रॅचेट पट्टे आधीच भाड्यानं घेऊन जा, आणि ट्रेलर किती वजन पेलतो ते त्याच्या पाटीवर वाचून घ्या.